बारगिराचं सामान

आमच्या घरमालकांची मुलगी दात करते. कलकत्त्यात, बेहाल्याच्या आमच्या गल्लीत हे सगळ्यांना माहीत आहे, पण मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे नवऱ्याच्या बदलीपायी नागपूर सोडून इथे आले, त्या पहिल्याच सकाळी तळमजल्याच्या खिडकीत ओळीने वाळत ठेवलेले प्लास्टरचे जबडे पाहून मी केवढ्यानं किंचाळले होते. आतून यामिनी परचुरे बाहेर आली. बोटांना गुलाबी मेण, चष्मा कपाळावर. म्हणाली, "घाबरू नका हो, हे अजून कुणाचेच नाहीत." तेव्हापासून आमची मैत्री आहे.

यामिनी चाळिशीला टेकलेली. तिचे आजोबा रेल्वेच्या नोकरीनिमित्त हावड्याला आले आणि परत गेले नाहीत. वडील श्यामकांतकाका विमा कंपनीतून निवृत्त झाले. गल्लीतल्या दुर्गापूजेचे ते वर्षानुवर्षं खजिनदार. आई जाऊन बराच काळ लोटला. यामिनीचा जन्म इथला, शाळा इथली, स्वप्नंसुद्धा बंगालीत पडतात म्हणते. मराठी बोलते ती घरातल्या घरात शिकलेली, लिंगं इकडची तिकडे करणारी. तिच्या तोंडी घोडा 'येते' आणि भाकरी 'करपतो'. मी दुरुस्त करते, ती मान डोलावते आणि पुढच्याच वाक्यात तेच करते. लग्न केलं नाही. का केलं नाही, असं मी विचारलं होतं (मी विचारणारच), तर म्हणाली, "सवड नाही मिळाला."

बाईचा स्वभाव कळावा म्हणून एक सांगते. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका म्हातारीची कवळी हिने केली होती. डॉक्टर म्हणाले, उत्तम बसली. म्हातारी म्हणाली, मुडी खाताना टोचते. मुडी म्हणजे आपले मुरमुरे. ते खाता येत नसतील तर इथल्या माणसाला जगून काय करायचं, असा प्रश्न पडतो. डॉक्टर म्हणाले, सवय होईल. यामिनीने कवळी परत घेतली, घासली, पुन्हा केली, तीही टोचली, मग साचाच नव्याने घेतला. शेवटी म्हातारीला तळमजल्यावरच्या कारखान्यात खुर्चीवर बसवून, मोहरीचं तेल आणि हिरवी मिरची घातलेली वाटीभर मुडी तिने खाऊन चहा मागेपर्यंत हिने तिला सोडलं नाही. कुणी सांगितलं होतं का? नाही. पण एकदा मनात घेतलं की घेतलं.

आता तिच्या खेळाकडे येते, कारण मला सांगायचंय ते त्याचंच. खेळ असा: चार मित्र टेबलाभोवती बसतात, फक्त टेबल संगणकाच्या पडद्यावर असतं आणि मित्र आपापल्या घरी. एक जण गोष्ट चालवतो. जंगल आहे, नदी आहे, समोरून कुणीतरी येतंय, बोला, काय करता? बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून उत्तर देतात. जमलं की फसलं, ते फासे ठरवतात, आणि फासेही पडद्यावरच गडगडतात. नकाशावर प्रत्येकाची गोल सोंगटी, तिच्यावर त्या पात्राचा चेहरा. एकेक गोष्ट महिनोन्महिने चालते. "म्हणजे भातुकलीच की," असं मी म्हटलं तर यामिनी म्हणाली, "हो, भातुकलीच."

गोष्ट चालवणारा ऋतब्रत हा हावड्याचा दंतवैद्य. त्याच्या पेशंटांच्या कवळ्या यामिनीच करते. लॉकडाऊनमध्ये दवाखाना बंद पडला, तेव्हा डोकं ठिकाणावर राहावं म्हणून त्याने हे सुरू केलं. शांभवी बजबजच्या एका रुग्णालयात नर्स आहे. दीपायन यामिनीचा शाळेतला मित्र, आता बंगळुरूला असतो. त्याच्यामुळेच लॉकडाऊन उठला तरी टेबल पडद्यावरच राहिलं. दर रविवारी दुपारी जेवणं उरकली की यामिनी कानाला हेडफोन लावून बसते, आणि दुसरा हेडफोन लावून मी मागच्या स्टुलावर. सोमवार ते शनिवार मेण, प्लास्टर आणि वडिलांचं पथ्यपाणी, रविवार तिचा. तिला दुसरं वर्तुळ नाही, आणि हे ती लपवतही नाही.

पात्रं ज्याची त्याची, पण त्यांचं सामान यामिनीचं. म्हणजे कुणाच्या कमरेला काय, झोळीत काय, पायात काय, हे सगळं ती हाताने काढते, रंगवते आणि पडद्यावर चढवते. दीपायनच्या कोळ्याला तिने भुतं अडकणारं जाळं करून दिलंय, त्याची एकेक गाठ मोजून घ्यावी अशी. पण बाजारातून आणल्यासारखी तयार तलवार ती काढत नाही. समोरच्याचा चावा बघितल्याशिवाय दात करत नाही, तसंच हे. आधी विचारते, "कोथाय पेली?" कुठे मिळाली तुला? बापाची? चोरलीस? कुणी दिली? उत्तर मिळाल्याशिवाय पेन्सिल उचलत नाही. होता होता त्या टेबलाचा हाच रिवाज झाला. नवं पात्र आलं की बाकीचे प्रत्येकी एका वस्तूवर बोट ठेवून 'कोथाय पेली' विचारतात, आणि सगळे हो म्हणाले तरच ते पात्र टेबलाशी बसतं. एकाने जरी नाही म्हटलं तरी उठायचं.

या वर्षी ऋतब्रतने नवी गोष्ट काढली, ती बंगालचीच. पाणथळ शेतं, बांबूची बनं, विटांची देवळं, आणि पश्चिमेकडून धुरळा उडवत येणारे राक्षस. राक्षसांचं नाव बर्गी.

मराठी वाचकाला हे थोडं फोडून सांगायला हवं. पावणेतीनशे वर्षांपूर्वी आमच्या नागपूरकरांच्या फौजा चौथाईसाठी बंगालवर गेल्या. एकदा नाही, वर्षामागून वर्षं. गावं लुटली, जाळली. त्या स्वारांना इथले लोक बर्गी म्हणायला लागले. कलकत्त्याच्या लोकांनी घाबरून खंदक खणला. त्यावर केव्हाच रस्ता झाला, पण त्याला मराठ्यांचं नाव अजून आहे. पोरं झोपेनात की इथे आजही बर्गीचीच भीती घालतात. आमच्या शाळेत हे सगळं दोन ओळींत उरकलं होतं आणि त्या दोन्ही ओळी विजयाच्या होत्या. त्यामुळे यामिनीच्या मागे स्टुलावर बसून मी हे पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा माझ्या नाकाला चांगल्याच मिरच्या झोंबल्या.

ऋतब्रतला बर्ग्यांच्या सोंगट्या हव्या होत्या. "एकच चेहरा कर," तो म्हणाला, "आणि सगळ्यांवर तोच चिकटव. काळा, लाल डोळे, लांब सुळे."

"सुळे?" यामिनी म्हणाली. "तू दातांचा डॉक्टर ना रे? माणसाच्या तोंडात असे सुळे बसतील कुठे?"

"माणूस कुठे, राक्षस आहे तो."

यामिनीने चष्मा कपाळावर सरकवला. मग म्हणाली, "सोंगट्या मी करत नाही. त्यातला एक मला दे. मी तो खेळते."

 ऋतब्रत वाईट माणूस नाही. त्याने नीट समजावलं, की ज्यांना मारायचं त्यांच्यातल्या एकाला नाव मिळालं, तर बाकीच्यांवर वार करताना सगळ्यांचे हात आखडतील, आणि मग गोष्ट पुढे सरकणार नाही. यामिनी म्हणाली, "आखडू देत." तो म्हणाला, हट्ट करू नकोस. ती म्हणाली, "रिवाज आहे ना? मी पात्र आणते, तुम्ही विचारा. नाही म्हणालात तर उठते. पण मग परत बसत नाही. ज्या टेबलावर माझा चेहरा फक्त सुळे लावून येऊ शकतो, तिथे मी काय करू?"

सहा वर्षांचा रविवार तिने असा एका वाक्यात पणाला लावला.

श्यामकांतकाकांना हे आवडलं नाही. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "लहानपणी फुटबॉलच्या मैदानावर मला बर्गी म्हणायचे," ते म्हणाले. "मी हसायचो आणि पास द्यायचो. असं करत करत इथवर आलो. आज याच गल्लीतले लोक देवीची वर्गणी माझ्या हातात देतात. खपली धरलीय ती काढू नकोस. इथे राहायचंय आपल्याला."

"इथे राहायचंय म्हणूनच, बाबा," यामिनी म्हणाली आणि पेन्सिलीला टोक काढायला लागली.

मी मात्र खूष होते. म्हटलं, दाखवून देऊ या लोकांना! मराठी पात्र करायचं तर त्यातलं मला कळतं, तिला काय कळणार. तिने सह्याद्री पाहिला तो कॅलेंडरवर. मी तिच्या शेजारी बसून एकेक गोष्ट सांगत गेले. नाव सर्जेराव. शिलेदार, म्हणजे स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन लढायला येणारा. पांढरी घोडी, वडिलोपार्जित तलवार, अंगात चिलखत, डोक्यावर मोत्यांचा तुरा. गावं जाळणाऱ्यांत हा नव्हताच, हा बायकामुलांना वाचवायचा. यामिनी काढत होती, पण तिचा हात नेहमीसारखा चालत नव्हता, हे मला दिसत होतं. मी म्हटलं, नवीन आहे, होईल सवय. तुरा मात्र इतका सुरेख उतरला होता की काय सांगू! मी आजही म्हणते, तुरा चांगलाच होता.

रविवारी सर्जेराव टेबलाशी आला. दीपायन खो खो हसला. "हा बर्गी आहे की लग्नातला नवरा?" ऋतब्रतने तलवारीवर बोट ठेवलं, यामिनीने वाडवडिलांचं नाव घेतलं, तो हं म्हणाला. मग शांभवी. ती बोलते कमी. या गोष्टीतलं तिचं पात्र पाखी नावाची मुलगी होती, जिचं अख्खं गाव बर्ग्यांनी जाळलेलं आणि तीच तेवढी उरलेली. आणि ते तिने हवेतून आणलं नव्हतं. तिचं मूळ घर वर्धमानकडचं. तिच्या माहेरी अजून सांगतात, की आपली माणसं एका रात्रीत चूल तशीच जळती ठेवून नदीपार पळाली होती.

शांभवीने घोडीच्या तोंडाला बांधलेल्या तोबऱ्यावर बोट ठेवलं. "यातला दाणा. कोथाय पेली?"

मी मागून कुजबुजले, "विकत घेतला म्हण! सांग, विकत घेतला!"

यामिनीने मागे वळूनही पाहिलं नाही. तोबऱ्याचं चित्र मोठं करून बघितलं आणि म्हणाली, "हा चुकलाय. मला बसला नाही. अजून एक रविवार द्या."

"पुढच्या रविवारी गोष्ट सुरू होते," ऋतब्रत म्हणाला. "तेव्हा आण. पण शेवटचं."

हेडफोन काढल्या काढल्या मी तिच्यावर बरसले. एवढा जीव तोडून केलेला माणूस आणि तू एका प्रश्नाला हरलीस? नागपूरकरांच्या फौजेत असा एक तरी असेलच की!

"असेल," ती म्हणाली. "पण सगळ्यांना असाच घोडा होती का? स्वतःची?"

"होता. स्वतःचा," मी म्हटलं. "आणि नाही, सगळ्यांना कुठला? बाकीचे बारगीर. त्यांचा घोडा सरकारचा, भाला सरकारचा, खोगीरसुद्धा सरकारचं. बर्गी म्हणतात ते त्यांच्यावरूनच. भाडोत्री शेंदाडशिपाई, त्यांच्यात कसली आलीय शान!"

यामिनीने पेन्सिल खाली ठेवली. "मग त्याचं स्वतःचं काय असायचं?"

"काय असणार? पोट."

मी हे रागात बोलून गेले होते. पण तिचा चेहरा बदलला. कवळीचा साचा नीट उठला की तिचा चेहरा होतो तसा. सर्जेराव तिने तिथल्या तिथे पुसला, तुऱ्यासकट, आणि माझ्या देखत. मला इतका संताप आला की चहा न घेता वर निघून गेले.

तरी दुसऱ्या दिवशी खाली गेलेच. न जाऊन सांगते कुणाला! कवळ्यांचं काम आटपून ती नव्या माणसाला बसली होती. नाव म्हादू. मी म्हटलं, हे काय नाव, गोठ्यातल्या गड्यासारखं? म्हणाली, गोठ्यातलाच आहे. चेहरा काढला होता तो तिशीतल्या साध्या माणसाचा, गाल बसलेले, आणि पुढचा एक दात अर्धा तुटलेला. घोडा हडकुळा, मांडीवर सरकारी डाग. या डागाची माहिती मीच नागपूरला घरी फोन करून तिला मिळवून दिली, बरं का. भाल्याच्या दांड्यावरही तोच डाग. चिलखत नाही, सरकार ते बारगिराला कशाला देईल? घोंगडी मात्र म्हादूची स्वतःची. हे सगळं काढताना तिचा हात न अडखळता चालला होता.

गुरुवारी गेले तर टेबलावर एक छोटी पितळी वाटी होती आणि तिच्यात होडीच्या आकाराचा एक चपटा चमचा. याला इथे झिनुक म्हणतात. तान्ह्या बाळाला दूध पाजायचं ते. यामिनी जन्मली तेव्हा शेजारच्या काकीमांनी दिलेली ही वाटी कपाटातून आणून, समोर ठेवून ती तिचं चित्र काढत होती.

"हे कशाला?" मी विचारलं.

"म्हादूच्या झोळीत आहे."

मला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तशी मी म्हणाले, "बाळाची? आपल्या माणसाने? यामिनी, बाकी काय हवं ते घाल. दागिने घाल, धान्य घाल. हे नको."

"दागिने तर सरकारजमा व्हायचे, ताई. त्याच्याकडे उरलं असतं ते हेच, कुणी न मागणारं."

"पण आपणच का आपल्या माणसाच्या झोळीत हे टाकायचं? टाकायला ते लोक बसलेत की!"

तिने मान वर केली. आवाज चढवला नाही. "विनीताताई, तुम्ही बदली झाली की नागपूरला जाल. तिथे तुम्हाला कोणी काही विचारणार नाही. मी इथेच राहणार. मला जो प्रश्न विचारतात, त्याला मला खरा उत्तर हवा. तुमचा तुरा घालून मी आयुष्यभर तिथे बसू शकत नाही."

मी दुखावले गेले. दोन दिवस मी खाली पाऊल टाकलं नाही, आणि खरं सांगते, रविवारी दुपारीही जाणार नव्हते. पण जेवण अर्धवट टाकून उठले. जाऊन स्टुलावर बसले. यामिनीने दुसरा हेडफोन माझ्याकडे सरकवला. पलीकडच्या खोलीत काका वर्तमानपत्र उघडून बसले होते, सकाळचंच.

म्हादू टेबलाशी आला. या वेळी कुणी हसलं नाही. यामिनी त्याच्या तोंडून बोलायला लागली, बंगालीत, पण सावकाश, परक्या मुलखातल्या माणसासारखी.

दीपायनने घोड्यावर बोट ठेवलं. "कोथाय पेली?"

"माझा नाही. सरकारचा. हा डाग बघ. मेला तर एवढं कातडं कापून न्यावं लागतं, नाहीतर म्हणतात विकून खाल्ला."

ऋतब्रतने भाल्यावर. "तोही सरकारचा. मोडला तर मुशाहिऱ्यातून कापतात. आणि मुशाहिरा पावसाळ्यापासून मिळालेला नाही." दीपायन हळूच म्हणाला, "अरे, हा तर आमच्या कंपनीतला दिसतो." ऋतब्रत हसला. मलाही हसू आलं, मला त्याचा फार राग येत होता तरी.

मग शांभवीने झोळीवर बोट ठेवलं. चित्र मोठं झालं. तिने ते ओळखलं, लगेच.

"वाटी आणि झिनुक. कोथाय पेली?"

"एका घरातून."

"कुणाच्या?"

"नाव विचारलं नाही. नदीकाठचं गाव होतं. आग आम्हीच लावली होती."

"आम्ही म्हणजे कोण? तू?"

"चूड माझ्या हातात होती."

"आणि बाळ?"

यामिनी थांबली. मी तिला इतकी वर्षं ओळखते. ते थांबणं खेळातलं नव्हतं. 

"बघितलं नाही," ती म्हणाली. "वाटीत दूध होतं. ते मी ओतून दिलं आणि वाटी झोळीत टाकली."

ऋतब्रत म्हणाला, "थांबू या का जरा? हे फार—"

"तू थांब," शांभवी म्हणाली. मग तिने म्हादूलाच विचारलं, "का ठेवलीस?"

"घरी माझंही लहान होतं. वाटलं, त्याला होईल. पण ही घेऊन घरी जाववेना. आणि टाकूनही देववेना. फौज परत फिरली तेव्हा मी फिरलो नाही."

पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्राचा आवाज बंद झाला होता. मला रडू आलं, आणि रडताना रागही येत होता. कुणाचा, ते मला आजही धड सांगता येणार नाही. म्हादूचा असेल. दोन ओळींत उरकणाऱ्या आमच्या पुस्तकाचाही असेल.

"माझं हो," दीपायन म्हणाला.

ऋतब्रतने चष्मा काढून पुसला. "माझंही हो. गोष्ट मला बदलावी लागेल. बदलतो."

शांभवी बोलेना. पडद्यावरच्या तिच्या चौकटीत मागे भिंत आणि भिंतीवर वाळत घातलेला गणवेश दिसत होता. यामिनीने तिला घाई केली नाही, विनवलं नाही, आपली बाजू म्हणून एक शब्द जास्त बोलली नाही. मी तिच्या जागी असते तर एव्हाना इतिहासाची चार कारणं पुढे केली असती. ती नुसती बसून राहिली, नाही आलं तर उठायच्या तयारीत.

"मी त्याला माफ करणार नाही," अखेर शांभवी म्हणाली. "पाखी करणार नाही आणि मीही करणार नाही."

"त्याने मागितलेलं नाही," यामिनी म्हणाली.

"हो. ते मी बघितलं." मग म्हणाली, "येऊ दे त्याला. पण चालताना तो पुढे राहील. मी त्याला पाठीशी ठेवून चालणार नाही."

"बरोबर आहे."

ऋतब्रतने नकाशा उघडला. बांबूचं दाट बन, मधून एक पायवाट, आणि थोड्या अंतरावर सगळं काळं, जिथे काय आहे ते फक्त त्यालाच ठाऊक. पाखीची सोंगटी वाटेच्या तोंडाशी होती, तिच्या मागे दीपायनचा कोळी. ऋतब्रतने आपलं कर्तव्य म्हणून सांगितलं, "यामिनी, पुढे असतो त्याच्यावर पहिला घाव पडतो. याच्या अंगात चिलखत नाही."

मी तिचा दंड धरला. "अगं, पहिल्याच दिवशी मेला तर? एवढं केलंस ते काय त्यासाठी?"

"मेला तर टेबलाशी बसून मरेल," यामिनी मराठीत म्हणाली, आणि तिने म्हादूला उचलून पाखीच्या पुढे, काळोखाला लागून ठेवलं.

"चल," शांभवी म्हणाली.